आधी बियाण्याची खोली

सोलापूरला वनस्पती अनुवंशशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असावा का, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. असावा, आणि पूर्ण ताकदीचा असावा. खरा वाद पुढच्या प्रश्नाचा आहे: तो उभा करताना पहिला रुपया कशावर खर्च करायचा? आपल्याकडे क्रम ठरून गेलेला आहे. आधी इमारत, मग उद्घाटन, मग एखादं महागडं यंत्र. शेत, शीतगृह आणि तंत्रज्ञ यांचा विचार शेवटी, तोही निधी शिल्लक राहिला तर. वनस्पती अनुवंशशास्त्रापुरता तरी हा क्रम उलटा करायला हवा. जे पैसे देऊन बाहेरून करून घेता येतं, ते शेवटी घ्यावं. जे सोलापूरशिवाय कुठे मिळणारच नाही, त्याच्यावर आधी खर्च करावा.

सोलापूरशिवाय कुठे मिळणार नाही असं काय आहे इथे? पहिलं उत्तर ज्वारी. तीही रब्बीची. पावसाळा सरताना पेरलेली, जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढलेली आणि माघ-फाल्गुनात काढणीला येणारी. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून एम ३५-१ हा वाण तयार झाला. इतकी दशकं गेली, कितीतरी नवे वाण आले, तरी बाजारात गेल्यावर गिऱ्हाईक अजून ‘मालदांडी आहे का?’ असंच विचारतं. पांढरा, टपोरा, मोत्यासारखा दाणा, दुसऱ्या दिवशीही मऊ राहणारी भाकरी आणि जनावरं आवडीने खातात असा कडबा, हे तिन्ही गुण एका ताटात असलेलं पीक मागे टाकणं सोपं नाही.

१९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि देशात खरीप ज्वारीचं चित्र पालटलं. रब्बीत तसं घडलं नाही. रब्बीसाठीही संकरित वाण काढले गेले, पण दाण्याची चकाकी, भाकरीची चव, खोडमाशीला टिकाव आणि कडब्याचा दर्जा या चारही कसोट्यांवर शेतकऱ्याचं समाधान झालं नाही. त्याने निवडक सरळ वाणच, म्हणजे ज्यांचं बी घरचंच पुन्हा पेरता येतं असे वाण, हाताशी धरले. हा शेतकऱ्याचा हट्ट नव्हता, त्याने केलेली पारख होती. पुढचं संशोधन त्या पारखीला मान देऊन व्हायला हवं. खोडमाशीला दाद न देणारी, दाणे भरताना ओल संपली तरी हिरवी राहणारी आणि तरीही भाकरीला मालदांडीच्या तोडीची ज्वारी कशी मिळवायची, हा आजही अनुवंशशास्त्राचा उघडा प्रश्न आहे. तो ज्याला सोडवायचा आहे त्याने दोन-चार रब्बी हंगाम या काळ्या रानात उभं राहायलाच हवं.

इथे एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. हैदराबाद-पुणे महामार्गाचा आपल्या भागातला पट्टा पाहा. केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे, २००४ साली स्थापन झालेलं. त्याच केगावात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासूनचं. शेळगीकडे रब्बी ज्वारीचं केंद्र आहे, ते हैदराबादच्या भारतीय श्रीअन्न संशोधन संस्थेचा भाग. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं विभागीय कृषी संशोधन केंद्र शहरात आहे, त्याचं मुळेगावचं प्रक्षेत्र आहे आणि कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची इथली परंपरा १९३३ पासूनची आहे. पुण्याच्या दिशेने निघालं की मोहोळचं केंद्र लागतं. हैदराबादच्या दिशेने याच रस्त्याने गेलं तर शहर यायच्या अलीकडे पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९७२ साली सुरू झालेली. तिच्या जनुकपेढीत, म्हणजे बियाण्यांच्या संग्रहात, ज्वारीचे चाळीस हजारांहून अधिक नमुने जपलेले आहेत. वनस्पती अनुवंशशास्त्र शिकवायला इतकं अनुकूल वातावरण असलेली शहरं देशात फार नसतील. तरी सोलापुरात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला यातल्या एखाद्या शेतात स्वतःच्या हाताने एक संकर करून पाहायचा असेल, तर तिला सरळ रस्ता नाही.

आता हंगामाचं गणित. एम.एस्सी. दोन वर्षांची. रब्बी ज्वारीची पेरणी उत्तरा-हस्ताच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. फुलोरा येतो नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. पहिल्या वर्षी प्रवेश वेळेवर झाला आणि विद्यार्थ्याला लगेच शेत मिळालं, तर डिसेंबरात तो संकर करेल आणि फेब्रुवारीत संकरित बी हाती येईल. ते बी तो दुसऱ्या वर्षी पेरेल, पहिल्या पिढीची झाडं पाहील, त्यांचं बी गोळा करेल आणि त्याचा अभ्यासक्रम संपेल. ज्या दुसऱ्या पिढीत गुण वेगवेगळे होऊन दिसायला लागतात आणि खरं शास्त्र सुरू होतं, ती त्याने पाहिलेलीच नसेल. जनुकांच्या नकाशासाठी लागणाऱ्या स्थिर वंशावळी तयार करायच्या तर स्वपरागीकरणाच्या सहा-सात पिढ्या जाव्या लागतात. वर्षाला एकच पीक धरलं तर तेवढीच वर्षं.

याचा अर्थ सरळ आहे. या विषयात विभागाची खरी मालमत्ता म्हणजे एका तुकडीने दुसऱ्या तुकडीच्या हाती सोपवलेलं बियाणं आणि त्याची वही. कुठल्या ओळीचा कुठल्या ओळीशी संकर, कुठल्या तारखेला, कोणी केला, कुठल्या पिशवीत ठेवला. ती वही आणि ती पिशवी हरवली, की पाच तुकड्यांची मेहनत गेली आणि सहाव्या तुकडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि सोलापुरात बियाणं हरवायला चोर लागत नाही, मे महिना पुरतो. बियाण्याच्या साठवणुकीचा, बियाणेशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा जुना ठोकताळा असा: बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने कमी केला, किंवा साठवणुकीचं तापमान पाच अंशांनी खाली आणलं, की आयुष्य साधारण दुप्पट होतं. हाच नियम उलटाही चालतो. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा वेळी पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कागदी पाकिटांमधलं बी ठेवलं, तर वर्ष-दोन वर्षांत उगवण घसरायला लागते. तेच बी पाच ते सात टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून, ॲल्युमिनियमच्या पाकिटात हवाबंद करून चार अंशांवर ठेवलं तर अनेक वर्षं टिकतं, उणे अठरावर ठेवलं तर दशकंच्या दशकं. एका पदव्युत्तर विभागाला लागते ती भिंतींना उष्णतारोधक लावलेली एक छोटी खोली, वातावरणातली आर्द्रता खेचणारं यंत्र, पाकिटं बंद करायचं साधन, ओलावामापक आणि वीज गेली तर आपोआप सुरू होणारं जनरेटर. तिचं उद्घाटन करायला मोठा पाहुणा येणार नाही, आणि तिच्या फोटोने माहितीपत्रकाचं मुखपृष्ठही सजणार नाही. पण ही खोली नसेल तर बाकीचं सगळं वाळूवर आहे.

दुसरा खर्च शेताचा. सोलापूर जिल्ह्यात जमिनीची खोली कोसाकोसाला बदलते, आणि रब्बी ज्वारीत सगळं त्या खोलीवर अवलंबून असतं, कारण ओल जमिनीतूनच येते. राहुरीच्या विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा आणि भारीसाठी फुले वसुधा असे वाण वेगवेगळे दिले, ते याच समजुतीने. म्हणून अनुवंशशास्त्राच्या विद्यार्थ्याला एकाच ठिकाणची पाच एकर जमीन देऊन भागत नाही. हलकी, मध्यम आणि भारी अशी तिन्ही रानं हवीत, थोडी-थोडी का होईना. विद्यापीठाच्या आवारातच ती मिळतील असं नाही. मुळेगाव, मोहोळ, शेळगी यांच्याकडे ती आहेत, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांकडेही आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्या रानातल्या ज्वारीत नेमकं वेगळं काय आहे, त्यातलं किती जमिनीचं आणि किती वाणाचं, हा एम.एस्सी.च्या प्रबंधाला शोभेल असा प्रश्न आहे.

शेताला जोडून एक सरकतं छप्पर हवं. दुष्काळ सोसण्याचा गुण तपासायला बसलेल्या माणसासाठी कोरडा डिसेंबर ही देणगीच असते. नेमका त्याच वेळी अवकाळी पाऊस झाला तर वर्षभराचा प्रयोग संपतो. रुळांवर सरकणारं, पाऊस आला की पिकावर ओढून घेता येईल असं छप्पर ही साधी गोष्ट आहे. एखादा स्थानिक फॅब्रिकेशनवालाही ते करून देईल.

या शेतात विद्यार्थ्याला काय शिकायचं असतं, तेही जरा जवळून पाहायला हवं. ज्वारीचं फूल उमलतं उत्तररात्री ते पहाटेच्या सुमारास. म्हणून आदल्या दिवशी दुपार कलल्यावर काम सुरू होतं. कणसाचा आधीच फुललेला शेंडा कात्रीने काढून टाकायचा, खालचा भागही काढायचा, मधली मोजकी कणिशकं ठेवायची. मग टोकदार चिमट्याने एकेका फुलातले तिन्ही पुंकेसर न फोडता अलगद बाहेर घ्यायचे. एक जरी फुटला तरी ते फूल स्वतःच्याच परागाने फळेल आणि संकर म्हणून नोंदलेलं बी संकर नसेलच. मान अवघडते, डोळे दुखतात, बोटांना कुसळ टोचतं. काम झालं की कागदी पिशवी बांधायची, तिच्यावर पेन्सिलीने नाव-तारीख लिहायची, कारण शाई दवाने पसरते. पुढच्या दोन-तीन सकाळी दुसऱ्या कणसाचा पराग आणून त्यावर झटकायचा. खोडमाशीची परीक्षा याहून वेगळी. माशी भरपूर यावी म्हणून मुद्दाम उशिरा पेरायचं, बाजूला माशीला बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी आधीच लावून ठेवायच्या आणि ओळींमध्ये सुक्या मासळीची ओली पूड पसरायची. त्या वासाने माशा येतात, अंडी घालतात, आणि तीन-चार आठवड्यांत कुठल्या ओळीत पोंगेमर, म्हणजे रोपाचा मधला कोंब सुकणं, किती झाली ते मोजता येतं. हे पुस्तकातून शिकता येत नाही आणि संगणकावरही नाही. डिसेंबरच्या चार-पाच आठवड्यांत शिकायचं, ते हुकलं की वर्ष गेलं.

आता प्रयोगशाळा. ती नकोच, असं मी म्हणत नाही. डीएनए काढायची, पीसीआर करायची (म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची) आणि जेलवर त्या तुकड्यांचे पट्टे पाहायची सोय विभागात असायलाच हवी. विद्यार्थ्याने स्वतः पान चिरडून, रसायनं घालून, सेंट्रिफ्यूज फिरवून डीएनए काढलेलं नसेल तर त्याला अहवाल वाचता येतील, शंका घेता येणार नाहीत. ज्वारीचं पान त्यामानाने सरळ आहे. डाळिंबाचं पान मात्र परीक्षा पाहतं. त्यात टॅनिन इतकं असतं की जरा हयगय झाली तर नळीतला द्रव तपकिरी होतो आणि पुढची पीसीआर चालतच नाही. कोवळं पान घेणं, काढणीच्या द्रावणात टॅनिन बांधून ठेवणारं रसायन घालणं, वेळ न दवडणं, या खुब्या हाताला लागाव्या लागतात. ज्या जिल्ह्याचं अर्थकारण डाळिंबावर उभं आहे तिथल्या विभागात हे यायलाच हवं. महाराष्ट्राच्या डाळिंब बागांमध्ये आज ‘भगवा’ या एकाच वाणाचं राज्य आहे, आणि तो गुटी कलमाने किंवा ऊतीसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) वाढवला जातो. म्हणजे मैलोन्‌मैल एकाच अनुवंशाची झाडं उभी. तेल्या या जिवाणूजन्य रोगाने बागाच्या बागा उपटायला लावल्या त्यामागे हवामान आणि रोगट कलमं तर होतीच, पण हा एकसारखेपणाही होता. रोगाला तोंड देणारे गुण शोधायला हिमाचलातल्या रानटी डाळिंबापर्यंत जावं लागतं, तो गुण भगव्याच्या चवीत आणि रंगात आणायला वर्षानुवर्षं लागतात, आणि त्या प्रवासात डीएनएची खूण पाहून रोपटं लहान असतानाच निवड करता आली तर वेळ आणि जागा दोन्ही वाचतात. छोटी ऊतीसंवर्धनाची खोलीही याच कामासाठी लागेल.

पण सीक्वेन्सर, म्हणजे डीएनएमधली अक्षरं क्रमाने वाचणारं यंत्र? इथे माझं मत अनेकांना रुचणार नाही. नवा विभाग म्हटला की सगळ्यात आधी या यंत्राचा प्रस्ताव जातो, कारण ते आधुनिक दिसतं आणि त्याच्या नावावर अनुदान मिळतं. वर्षाला शे-दोनशे नमुने करणाऱ्या विभागाला ते यंत्र परवडत नाही. किमतीपेक्षा त्याची रसायनं, त्यांच्या संपणाऱ्या मुदती आणि देखभालीचा वार्षिक करार जास्त छळतात, आणि काही वर्षांत यंत्राची पिढीच बदलते. डीएनए मात्र छोट्या नळीत घालून कुरिअरने पाठवता येतो आणि उत्तर ई-मेलवर येतं. ज्वारीचा संपूर्ण जनुकसंच २००९ सालीच प्रसिद्ध झाला आणि तो सगळ्यांना मोफत खुला आहे. कमतरता आहे ती हे आकडे वाचू शकणाऱ्या माणसाची. म्हणून यंत्राऐवजी एक चांगला सर्व्हर, भरवशाचं इंटरनेट आणि जैवसांख्यिकी शिकवणारा एक पूर्णवेळ प्राध्यापक घ्यावा. देशातल्या संस्थांची उपकरणं इतरांना वापरता यावीत म्हणून २०२० पासून आय-स्टेम हे राष्ट्रीय पोर्टल आहे, त्याचाही उपयोग करावा.

याला एक वजनदार आक्षेप आहे. ‘मोठ्या शहरांतल्या मुलांनी यंत्रावर हात बसवायचा आणि आमच्या मुलांनी पिशव्या बांधायच्या का?’ हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग मला समजतो. छोट्या शहरातल्या मुलांना दुय्यम सोयींवर भागवायला सांगण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. मी दुय्यम सोय मागत नाही. बियाण्याची नीट खोली, तीन प्रकारच्या जमिनी, सरकतं छप्पर आणि पंख्या-पडद्यांनी थंड ठेवलेलं हरितगृह हे सगळं एकत्र मिळवणं यंत्र विकत घेण्यापेक्षा अवघड आहे, आणि त्यावर शिकलेला विद्यार्थी बियाणे कंपनीत किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीत कुणापुढे कमी पडणार नाही. उलट अनेक नामांकित प्रयोगशाळांतली मुलं उत्तम डीएनए काढतात, पण आपल्या नमुन्याचं पीक शेतात ओळखू शकत नाहीत. यंत्रावर हात बसवायला उन्हाळ्यात सहा आठवडे हैदराबादला किंवा पुण्याला पाठवता येईल, आणि त्याची तरतूद अभ्यासक्रमातच असावी. पुण्याच्या मुलाला सहा आठवड्यांत रब्बी हंगाम मात्र शिकवता येणार नाही.

हरितगृहाबद्दल थोडं. इथली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, त्यामुळे ओल्या पडद्यातून हवा खेचून थंडावा आणण्याची पद्धत सोलापुरात चांगली चालते. अडचण पाण्याची. शहराला नळाचं पाणी काही दिवसांआड मिळतं आणि बोअरच्या जड पाण्याने पडद्यांवर क्षार चढतात. छतावरचं पावसाचं पाणी साठवणारी टाकी आराखड्यातच हवी, नंतर सुचून उपयोग नाही. हरितगृह नीट चाललं तर वर्षाला एकाऐवजी दोन पिढ्या घेता येतील आणि विद्यार्थ्याला आपल्या संकराची दुसरी पिढी स्वतः पाहता येईल. डीएनए काढण्याआधी पानं गोठवायला लागणाऱ्या द्रवरूप नत्राची काळजीही फार नको. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो जिल्ह्यात नियमित येतोच. आणि नाही मिळाला तर सिलिका जेलमध्ये वाळवलेल्या पानांतूनही डीएनए चांगला निघतो.

सगळ्यात दुखरी जागा माणसांची. एका महाविद्यालयात मी पाहिलेला उणे ऐंशीचा फ्रीझर सांगतो. सुट्टीत वीज गेली, जनरेटर सुरू करायला कोणी नव्हतं, कारण प्रयोगशाळा साहाय्यकाचं कंत्राट मार्चमध्ये संपलं होतं. विद्यार्थी परतले तेव्हा सगळे नमुने वितळून गेले होते. यंत्र उत्तम होतं. त्याची जबाबदारी असलेला पगारी माणूस नव्हता. कायम नोकरीचे दोन तंत्रज्ञ, एक प्रयोगशाळेत आणि एक शेतावर, ही या अभ्यासक्रमाची किमान अट असायला हवी, आणि ती पूर्ण होणार नसेल तर अभ्यासक्रम सुरू करू नये इतक्या टोकाला मी जाईन. शेतावरचा माणूस तर विशेष. वर्षानुवर्षं ओळी पेरलेला अनुभवी मजूर कणसाकडे पाहून सांगतो की यात भेसळ झाली आहे. त्याचं हे ज्ञान पदवीच्या चौकटीत बसत नाही म्हणून त्याला रोजंदारीवर ठेवणं अन्यायाचं आहे.

राहतो प्रश्न खात्यांचा. सोलापूर विद्यापीठ उच्च शिक्षण विभागाकडे, राहुरीचं विद्यापीठ राज्याच्या कृषी विभागाकडे, डाळिंब आणि रब्बी ज्वारीची केंद्रं दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे. कृषी विद्यापीठात अनुवंशशास्त्र व वनस्पती पैदासशास्त्राच्या एम.एस्सी.ला सर्वसाधारणपणे कृषी पदवी लागते, त्यामुळे वनस्पतिशास्त्राचा पदवीधर तिथे थांबतो. दुसरीकडे कृषी पदवीधराला खोलवर जनुकशास्त्र शिकायचं तर बाहेरगावी जावं लागतं. सामंजस्य करार होतात, फोटो निघतात, आणि पुढच्या सप्टेंबरात विद्यार्थ्याला प्लॉट मागायला पुन्हा अर्ज लिहावा लागतो. करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या जायला हव्यात: केंद्रातल्या शास्त्रज्ञाला सहमार्गदर्शकाचा पूर्ण दर्जा, दर हंगामात विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेलं ठरावीक क्षेत्र, आणि बियाण्याची देवाणघेवाण व त्यातून वाण निघालाच तर २००१च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली कोणाचा किती वाटा. शेतकऱ्याच्या रानातून बी घेतलं असेल तर त्याचं नावही त्यात यायला हवं. कायदा त्याला तो हक्क देतो.

बियाण्याची खोली आणि सरकतं छप्पर हे जिल्हा नियोजन समितीच्याही आवाक्यातलं काम आहे. त्यासाठी दिल्लीच्या अनुदानाची वाट पाहायची गरज नाही. विद्यापीठाकडून मात्र एक गोष्ट लागेल, आणि तिला पैसे पडत नाहीत. या एका अभ्यासक्रमाचे प्रवेश ऑगस्टअखेर पूर्ण झाले पाहिजेत आणि डिसेंबरात, फुलोऱ्याच्या आठवड्यांत, त्याची सत्र परीक्षा ठेवता कामा नये. परीक्षा जानेवारीत घ्यावी. वेळापत्रक बदलायला विद्या परिषदेचा एक ठराव पुरेसा आहे.